पगाराच्या बदली आलेले यंत्र

महाविद्यालयाच्या प्रवेश-अर्जात 'पालकाचा व्यवसाय' असा एक रकाना असतो. गेल्या वर्षी गावातल्या नेट कॅफेत बसून मी तो अर्ज भरत होते. नाव, गाव, जात, उत्पन्न हे सारे भराभर भरून झाले आणि या रकान्यापाशी बोट थांबले. मागे रांग होती. कॅफेवाला म्हणाला, "ताई, लिहा की काहीतरी." मी 'वॉचमन' असे लिहिले आणि पुढे गेले. लिहिले ते खोटे नव्हते. माझे वडील, ज्यांना आम्ही आण्णा म्हणतो, एका गोदामावर रात्रपाळीला असतात. तरीही आपण काय लिहून आलो ते मी घरी सांगितले नाही.

हा लेख वास्तविक एका जुन्या ड्रिल मशीनविषयी आहे. परंतु त्याची सुरुवात त्या रकान्यापासून होते, म्हणून तो आधी सांगितला.

आण्णा पूर्वी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एका लहान कारखान्यात ड्रिलवर होते. एकूण २२ वर्षे. कोल्हापूरला फाउंड्र्या पुष्कळ. तेथून बिडाचे ओतीव भाग येत आणि आण्णा त्यांना भोके पाडत. शाळेत असताना मला वाटे, आपले वडील दिवसभर नुसती भोके पाडतात, हे काही मैत्रिणींना सांगण्यासारखे नाही. २०२०च्या टाळेबंदीत कारखान्याची कामे गेली ती परत आली नाहीत. पुढच्या वर्षी कारखाना बंद झाला. सात महिन्यांचा पगार थकला होता. मालकांजवळ रोकड नव्हती. चांगली यंत्रे बँकेकडे गहाण होती. कोपऱ्यात कित्येक वर्षे बंद पडलेले एक जुने ड्रिल मशीन तेवढे मोकळे होते. ते त्यांनी पगाराच्या बदली आण्णांना दिले. यात मालकांचा दोष किती आणि दिवसांचा किती, हे मला सांगता येणार नाही.

टेंपोतून ते यंत्र आले. चौघांनी लोखंडी पाइपांवरून सरकवत ते गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये नेऊन उभे केले. माणसापेक्षा उंच, काळे, तेलकट धुळीने माखलेले. आण्णांनी त्यावर दोन पोती टाकली आणि त्यानंतर त्याच्याकडे कधी पाहिले नाही. कोंबड्या मात्र त्याच्या गोल टेबलावर बसू लागल्या. आई कधी चिडली की म्हणे, "सात महिन्यांचा पगार तिथं उभा हाय, जावा घेऊन बाजाराला." आण्णा काही बोलत नसत.

यंदा मराठीच्या बाईंनी आम्हा दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना प्रकल्प दिला. आपल्या परिसरातील एखाद्या व्यवसायाची शब्दसंपत्ती गोळा करायची. कोणी कुंभारकाम घेतले, कोणी गुऱ्हाळ, एकाने चप्पल बनविण्याचा धंदा घेतला. माझ्या मनात काहीच येईना. दिवाळीच्या सुट्टीत घरी बसले असताना भंगारवाला आला. त्याने पोते वर करून यंत्र पाहिले, पायाने जरा हलवून पाहिले आणि अकरा हजार सांगितले. आई लगेच तयार झाली. आण्णा म्हणाले, "ने बाबा." अशा आवाजात म्हणाले की मला ते ऐकवेना. मी मध्येच बोलले, "मला आठ दिवस द्या. माझ्या प्रकल्पाला पाहिजे ते. याच्या भागांची नावं लिहून घेते, मग न्या." भंगारवाला हसला. म्हणाला, "लिहा की ताई. लोखंड काय पळून चाललंय?"

अशा रीतीने माझे काम सुरू झाले. रॉकेल मिळेना म्हणून डिझेल आणले आणि जुन्या साडीच्या चिंध्या घेऊन बसले. मी कला शाखेची विद्यार्थिनी. यंत्राशी माझा संबंध शिलाई मशीनपुरता. प्रत्येक भाग पुसायचा, वहीत त्याचे चित्र काढायचे आणि आण्णांना नाव विचारायचे, असा माझा बेत होता. आण्णा रात्रपाळी करून आलेले असत. शेडच्या बाहेर बाजेवर पडून, डोळ्यांवर हात घेऊन ते उत्तरे देत. "खालचा गोल तो टेबल. त्याला धरून हाय तो हात. मधला खांब तो पिलर. फिरतो तो स्पिंडल." एवढे सांगून कूस बदलत. यंत्राकडे पाहत मात्र नसत.

पहिल्या दोन दिवसांत वीसेक शब्द झाले. त्यांतले काही मला फार आवडले. आण्णा इंच म्हणत नाहीत, 'सूत' म्हणतात. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. अर्धा इंच म्हणजे चार सूत. आपल्याकडील गवंडी आणि सुतारही हेच माप वापरतात. लोखंडाला पीळ पाडतात त्याला 'आटे'. ओतीव लोखंड ते 'बीड'. बिडाला भोक पाडताना कोरडेच पाडायचे, त्याचा चुरा पडतो. पोलादाला मात्र तेल सोडायचे, त्याची जिलबीसारखी वेटोळी निघतात. हे सारे आण्णा डोळे मिटून सांगत आणि मी लिहून घेई.

तिसऱ्या दिवशी पहिली अडचण आली. एक नट सुटेना. आण्णांच्या पेटीतला एकही पाना त्याला बसेना. हा ढिला, तो घट्ट. पेटीच्या तळाशी एक जुना गंजलेला पाना मिळाला. त्यावर १/२ असा आकडा कोरला होता. अर्ध्या इंचाचा म्हणावा, तर त्याचे तोंड जवळजवळ इंचभर रुंद. आकडा चुकीचा पडला असावा, असे मला वाटले. पण तोच पाना नटाला नेमका बसला. आण्णांना विचारले तेव्हा ते म्हणाले, "तो व्हिटवर्थचा पाना. त्याचा आकडा तोंडाचा नसतोय, बोल्टाचा असतोय." म्हणजे ज्या बोल्टासाठी तो पाना केला, त्या बोल्टाची जाडी पान्यावर लिहिलेली. पुढे मी ग्रंथालयात पाहिले. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज यंत्रज्ञाने १८४१ मध्ये आट्यांचे एक ठरावीक प्रमाण सुचविले. त्यापूर्वी एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टाला बसेलच असे नव्हते. व्हिटवर्थच्या आट्यांचा कोन ५५ अंशांचा आणि आजच्या मेट्रिक आट्यांचा ६० अंशांचा, म्हणून नवा नट जुन्या बोल्टावर नीट बसत नाही. मला गंमत वाटली ती वेगळीच. आण्णांचे शिक्षण सातवीपर्यंत. व्हिटवर्थ हे माणसाचे नाव आहे हे त्यांना ठाऊक नव्हते. पण पान्यावरचा आकडा कसा वाचायचा हे त्यांना ठाऊक होते आणि मला नव्हते.

दुसरे कोडे स्पिंडलचे. स्पिंडलमध्ये एक लांबट खाच आरपार होती. तिचे काम काय, ते मला कळेना. चुरा बाहेर पडण्यासाठी असेल, असे मी वहीत लिहिले होते. आण्णांना ते वाचून दाखवले तर ते प्रथमच हसले. म्हणाले, "चुरा तिथवर कशाला जाईल? ती ड्रिफ्टची खाच. मोठं ड्रिल स्क्रूनं धरत न्हाईत, नुसतं आत बसवत्यात. टेपर असतोय. जितका दाब पडंल तितकं घट्ट. काढायचं तर त्या खाचेतनं पाचर ठोकायची, की आलं खाली." या उताराला मोर्स टेपर म्हणतात. वीसाला साधारण एक इतका तो बारीक उतार असतो. अमेरिकेतील स्टीफन मोर्स यांनी १८६३ मध्ये पिळाच्या ड्रिलचे पेटंट घेतले, त्यांचेच हे नाव. मी विचारले, "मग ती पाचर कुठं आहे?" आण्णा म्हणाले, "आली होती बरोबर. पोत्यात होती." आई चुलीपाशी बसून ऐकत होती. ती उठली आणि मागच्या दाराच्या फटीतून एक चपटी, एका बाजूला निमुळती होत गेलेली लोखंडी पट्टी काढून आणली. चार वर्षे आमचे मागचे दार वाऱ्याने आपटू नये म्हणून ती तेथे होती. म्हणाली, "हीच का ती? मला काय ठावं तुमची ड्रिफ्ट."

चौथ्या दिवशी खरी परीक्षा झाली. स्पिंडल फिरेना. वरच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या पुलीला दोन्ही हातांनी जोर लावला तरी ती हलेना. मी दोन दिवस डिझेल सोडत राहिले. गंज असेल, सुटेल, अशी आशा. आण्णा बाजेवरून म्हणाले, "सोड नाद. चार वर्षं पावसाळा खाल्लाय त्यानं. जाम झालंय." मी चिडून पुली एकदा इकडे आणि एकदा तिकडे हिसडली. ती नखाएवढी हलली आणि 'टक' असा आवाज आला. पुन्हा केले. पुन्हा तेवढीच हलली, पुन्हा 'टक'.

आण्णांनी डोळ्यांवरचा हात काढला. "परत कर." मी केले. ते उठून बसले. "अजून एकदा." मग ते उठून शेडमध्ये आले. चार वर्षांत पहिल्यांदा. म्हणाले, "गंज असा बोलत न्हाई. गंजलेलं असतं तर मुळीच हाललं नसतं. हे कुठंतरी अडतंय."

आम्ही स्टूल आणले. वर पुलीशेजारी दाते असलेली चार चाके होती, एक लहान कांडी होती आणि मोठ्या चाकाच्या अंगावर एक गाठीची पिन. आण्णा ज्या यंत्रावर काम करीत त्याला हे काही नव्हते. ते बराच वेळ नुसते पाहत राहिले. मग बोटाने एकेक चाक दाखवत पुटपुटू लागले, जसे आम्ही कवितेचा अन्वय लावतो तसे. "ही पुली. हिचं हे छोटं चाक. हे मागच्या चाकाला फिरवतंय. मागचं परत ह्या मोठ्याला, पण सावकाश. म्हणजे हे बॅक गिअर. जाड भोकाला ताकद पाहिजे, वेग नको, तेव्हा हे लावायचं. आणि ही पिन…" त्यांनी पिन धरली. "ही पिन आत असली की पुली आणि मोठं चाक एकच. तेव्हा सरळ वेगात. आता बघ. कांडी पण लागलीय आणि पिन पण आतच हाय." एकाच दांड्याला दोन वेगवेगळ्या वेगांनी फिरण्याचा हुकूम एकदम मिळाला होता. तो बिचारा जागच्या जागी अडकून बसला होता. आण्णांनी पिन ओढली. पुली फिरली. वरची चाके हळूहळू फिरली आणि खाली स्पिंडल दमादमाने वळू लागला.

"गाडीत घालताना फिरू नये म्हणून कुणीतरी मुद्दाम लावलं असंल," आण्णा म्हणाले. त्यांचे हात काळे झाले होते. त्यांनी ते माझ्या चिंधीला पुसले आणि त्या दिवशी ते झोपले नाहीत.

यानंतर माझ्या प्रकल्पाचे काम आम्हा दोघांचे झाले. परंतु एक गोष्ट आम्हा दोघांनाही समजेना. हँडलने स्पिंडल वर उचलावा आणि हात सोडावा, तर तो धाडकन खाली येई. आण्णा म्हणाले, "आमच्या मशीनला आत घड्याळासारखी स्प्रिंग असायची. हिची तुटलेली दिसतीय." आम्ही स्प्रिंगची जागा शोधली. तशी जागाच नव्हती. खांबाच्या माथ्यावर मात्र खोबणीचे एक लहानसे चाक होते, ज्याला काहीच काम नव्हते. आणि स्पिंडलच्या अंगाला तुटक्या साखळीच्या चार कड्या लोंबत होत्या. मी दोन्हींची चित्रे वहीत काढली आणि नावाची जागा कोरी ठेवली.

सुट्टी संपली. महाविद्यालयात जाताना आमची एस. टी. मिरज-कोल्हापूर लोहमार्गाच्या फाटकापाशी थांबते. त्या दिवशी गाडी जाईपर्यंत मी खिडकीतून पाहत होते. गाडी गेली. फाटकाचा लांबच लांब दांडा सहज वर गेला, कारण त्याच्या आखूड टोकाला लोखंडी वजन होते. रोजचे दृश्य. पण त्या दिवशी मला शेडमधल्या तुटक्या साखळीची आठवण झाली. साखळीच्या दुसऱ्या टोकाला काय असणार? स्पिंडलएवढेच वजन. आणि ते कोठे असणार? खांबाच्या पोटात!

संध्याकाळी घरी येऊन मी हातोडीने खांबावर टकटक करीत वरून खाली आले. वर आवाज पोकळ. खाली, जमिनीपासून हातभर अंतरावर, एकदम भरीव. आण्णांनी खांबाच्या माथ्यावरची पत्र्याची टोपी काढली, आत बॅटरी मारली आणि म्हणाले, "पडलंय तळाला." आता ते काढायचे कसे, यावर आमची चर्चा चालली असताना आई विहिरीवरचा गळ घेऊन आली. पाण्यात पडलेल्या कळशा आणि बादल्या ती माहेरापासून काढत आली आहे. स्टुलावर चढून तिने गळ आत सोडला, दोर दोन बोटांत धरून जरासा घोळवला, आणि तिसऱ्या खेपेला ते वजन साखळीसकट वर आले. नवी कडी घालून साखळी जोडली, चाकावरून घेतली. आण्णांनी स्पिंडल वर उचलला आणि हात सोडला. जेथे सोडला तेथेच तो थांबला. आईने विचारले, "झालं?" आण्णा म्हणाले, "झालं." एवढेच. पण दोघांच्या चेहऱ्यांवरून नजर काढावीशी वाटेना.

भंगारवाल्याचे आठ दिवस केव्हाच उलटून गेले होते. तो येऊन गेला तेव्हा आण्णांनीच त्याला सांगितले, "महिनाभर थांब."

शेवटचे कोडे खालच्या दांड्याचे. तेथे यंत्राच्या मागील बाजूस एकाच आकाराच्या दोन पुल्या शेजारी शेजारी होत्या. एक दांड्याबरोबर फिरे. दुसरी नुसतीच गरगर फिरे, दांडा तसाच उभा. आण्णांचे म्हणणे, "हिची चावी तुटून पडलीय. आरपार भोक पाडून पिन ठोकतो, की बसंल घट्ट." त्यांनी पिनेसाठी सळईसुद्धा कापून ठेवली. मी त्या पुलीचे चित्र काढत होते. चित्र काढायचे म्हटले की माणसाला नीट पाहावे लागते. शेजारच्या पुलीला चावीची खाच होती. हिच्यात खाचच नव्हती. उलट हिच्या मध्यभागी तेल सोडण्यासाठी एक बारीक भोक होते. मी म्हटले, "आण्णा, हिला घट्टच बसवायचं असतं, तर तेलाचं भोक कशाला ठेवलं असतं?" त्यांनी बोट घालून पाहिले. मग सळई बाजूला ठेवून म्हणाले, "ते खरं. उद्यमनगरात एक म्हातारे मिस्त्री हायत. मी शिकाऊ होतो तेव्हाच ते पिकलेले होते. त्यांना विचारून ये."

दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर मी गेले. मिस्त्री मामांनी ऐंशी ओलांडली आहे. मुलाच्या दुकानासमोर खुर्ची टाकून ते बसतात. मी वहीतले चित्र दाखवले. त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "ही लूज पुली. कुठं बघितलीस पोरी तू ही?"

मग त्यांनी मला जे सांगितले ते असे. पूर्वी प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटर नसे. सगळ्या कारखान्याला एकच इंजिन असे. आढ्याखाली या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लांब शाफ्ट सतत फिरत असे आणि त्यावरून चामड्याचे पट्टे प्रत्येक यंत्रावर उतरत. आता एखाद्याला आपले यंत्र थांबवायचे असेल तर? त्याच्यासाठी इंजिन बंद करता येत नाही, बाकीची दहा माणसे कामात असतात. म्हणून दोन पुल्या. काम करायचे तेव्हा पट्टा फास्ट पुलीवर. थांबायचे तेव्हा कांडीने पट्टा सरकवून लूज पुलीवर घ्यायचा. पट्टा फिरत राहतो, लूज पुली फिरत राहते आणि यंत्र विसावा घेते. मामा म्हणाले, "ती मोडलेली न्हवं. ती मोकळी फिरती, म्हणून कारागिराला थांबता येतंय. तिला तेल लागतंय ते त्यासाठीच. पिन बिन ठोकू नका म्हणावं." एस. टी.त बसल्यावर मला आमच्या काकांची आठवण झाली. मी बी. ए. ला गेले तेव्हा ते म्हणाले होते, "कमावत न्हाई, काही न्हाई, नुसतं घर ते कॉलेज गरगर फिरणं." यावर उत्तर मला तेव्हाही सुचले नव्हते आणि आताही ते द्यावेसे वाटले नाही. फक्त थोडे हलके वाटले.

आण्णांना मामांचा निरोप सांगितला. ते कितीतरी वेळ त्या पुलीकडे पाहत राहिले. "२२ वर्षं ड्रिलवर काढली आणि चांगल्या पुलीला भोक पाडाय निघालो होतो," असे म्हणून त्यांनी कापलेली सळई भंगाराच्या डब्यात टाकली.

चुलतभावाच्या कडबाकुट्टीची मोटर एका रविवारी उसनी आणली. जुना कॅनव्हासचा पट्टा मिळाला. सुरू करण्यापूर्वी आण्णांनी मला दोन गोष्टी सांगितल्या. "ओढणी काढून ठेव, वेणी आत घाल. आणि ड्रिलवर हातमोजे कधी घालायचे न्हाईत. फिरतं ड्रिल कापड धरतंय, मग हात सोडत न्हाई." पट्टा प्रथम लूज पुलीवर होता. मोटर सुरू झाली, लूज पुली फिरू लागली, यंत्र शांत. मग आण्णांनी कांडी सरकवली. पट्टा एका पुलीवरून दुसऱ्या पुलीवर गेला आणि सगळे यंत्र, खालपासून माथ्यापर्यंत, एका लयीत चालू झाले. कोंबड्या ओरडत पळाल्या. आण्णांनी जाड पट्टीवर पंच मारून खूण केली, तेल सोडले आणि हँडल खाली आणले. लोखंडाची वेटोळी वर येऊ लागली. भोक पडल्यावर त्यांनी पट्टी उजेडासमोर धरली आणि भोकातून माझ्याकडे पाहिले.

यंत्र आम्ही शेवटी विकले, हे सांगितले पाहिजे. ठेवण्याइतकी आमची परिस्थिती नाही. शेजारच्या गावात शेडचे सांगाडे बनविणारे एकजण आहेत. जाड प्लेटांना मोठी भोके पाडायला त्यांच्याजवळ साधन नव्हते. त्यांनी चालते यंत्र पाहिले आणि सव्वीस हजार दिले. त्यांनी विचारले, "पण हे चालवणार कोण?" आण्णा म्हणाले, "मी." आता आठवड्यातून तीन दिवस आण्णा तिकडे जातात. रात्रीची नोकरी अजून सुटलेली नाही. यंत्र नेण्यापूर्वी मी त्याच्या अंगावरचा रंग खरवडला, तेव्हा बिडात ओतलेली अक्षरे दिसली. कारखान्याचे नाव झिजून गेले होते, गावाचे तेवढे राहिले होते, हॅलिफॅक्स. इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यातले हे गाव यंत्रे बनविण्यासाठी प्रसिद्ध होते. तेथून निघालेले यंत्र आमच्या गोठ्याशेजारी येऊन थांबले होते. शेड आता रिकामी आहे. मागच्या दाराला आईने लाकडाची पाचर लावली आहे.

प्रकल्पाच्या वहीत एकूण ६१ शब्द झाले. शेवटच्या पानावर शब्द सांगणाऱ्या निवेदकाची माहिती द्यावयाची होती. नाव, वय, शिक्षण आणि व्यवसाय. पुन्हा तोच रकाना. या वेळी मी वही घेऊन आण्णांकडे गेले आणि विचारले, "इथं काय लिहू?" त्यांनी लगेच उत्तर दिले नाही. म्हणाले, "कॉलेजच्या फॉर्मात काय लिहिलं होतंस?" मी खरे ते सांगितले. ते म्हणाले, "बरोबर लिहिलं होतंस तू." जरा थांबून म्हणाले, "इथं ड्रिल मिस्त्री लिही."

मी लिहिले. आण्णांनी वही हातात घेतली, लांब धरून एकेक शब्द वाचला. एका ठिकाणी त्यांचे बोट थांबले. म्हणाले, "हे लूज पुली माझ्या नावावर नको. ती मला ठावं नव्हती. तिच्यापुढं त्या मामांचं नाव लिही."

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष, कला